नाव, चावी आणि बोनट

(८ मार्चच्या निमित्ताने किन्हीराजा, ता. मालेगाव, जि. वाशीम इथे परिसरातल्या बचत गटांच्या बायकांचा मेळावा झाला. त्या वेळी केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)

मेळाव्याच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'ग्रामीण महिला आणि दळणवळण' असा विषय छापला आहे. दळणवळण हा शब्द फार मोठा आहे. मी एका गाडीबद्दल बोलणार आहे. किन्हीराजाच्या बायांना ती ठाऊक आहे, बाहेरगावाहून आलेल्यांसाठी सांगते. पांढरी मारुती आठशे, २००८ सालची. २०२३ साली इथल्या सात बायकांनी ती विकत घेतली. चार महिने तिच्यावर काम केलं, स्वतःच्या हाताने. आणि आज त्यातल्या पाच जणी ती चालवतात. मी संस्थेची कार्यकर्ती म्हणून या कामात सोबत होते. समाजकार्याच्या पदवीत मला गट कसा बांधायचा ते शिकवलं होतं, पाना कसा धरायचा ते नव्हतं. ते मी या बायकांबरोबरच शिकले.

पहिला प्रश्न साहजिक आहे. गावात पुष्कळांनी तो विचारलाही. "कायले पायजे बायांले गाडी?"

किन्हीराजा काही आडरानात नाही. नागपूरहून छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादला जाणारा रस्ता इथून जातो. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग सुरू झाला, तोही आपल्याच जिल्ह्यातून गेला आहे. पण रस्ता दारावरून गेला म्हणून बाई रस्त्याला लागते असं होत नाही. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याचा खरोखर उपयोग झाला, हे मान्यच केलं पाहिजे. पण अर्ध्या तिकिटाला पूर्ण बस लागते! २०२१-२२ च्या संपात महिनोन् महिने एसटी बंद होती, तेव्हा आपल्या मुली कॉलेजात कशा गेल्या, किती जणी घरीच बसल्या, ते आठवा. आणि संप नसतानाही रात्री आठनंतर काय? रस्त्यापासून आत असलेल्या वाडी-तांड्यांचं काय?

बाळंतपणात बाई दगावते त्यामागे तीन उशीर असतात, असं १९९४ साली दोन अभ्यासक बायकांनी मांडलं. दवाखान्यात न्यायचं हे ठरवायला उशीर, तिथे पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. २०१४ पासून आपल्याकडे १०८ ची गाडी आहे, ती अशा वेळी बोलवायलाच हवी. पण मी कामातून शिकले ते असं, की पहिला आणि दुसरा उशीर एकमेकांत गुंतलेले असतात. घरात गाडी मागावी लागते, आणि गाडी मागायची म्हणजे कारण सांगावं लागतं. दिराला सांगा, सासऱ्याला सांगा, शेजारच्या जीपवाल्याला सांगा. कारण पटलं तर गाडी निघते.

आता ज्या बाईला घरात मार बसलाय, तिने काय कारण सांगायचं? पोलीस ठाण्यात जायचंय, आणि गाडी मारणाऱ्याच्या भावाची. पोटगीच्या तारखेला जायचंय, आणि गाडी नवऱ्याच्या मित्राची. पाळी दोन महिने चुकली म्हणून तपासायचंय, आणि चालवणारा गावभर सांगणारा. आपल्या गटातली एक बाई एकदा म्हणाली, "मले गाडी नाई पायजे ताई, मले न सांगता जाता आलं पायजे." हे वाक्य ऐकून सगळ्या गप्प झाल्या. आमच्या कामाला तिथून सुरुवात झाली.

ही मागणी नवी नाही. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१-९२ च्या सुमारास साक्षरता मोहिमेत हजारो खेडवळ बायका सायकल शिकल्या. शीला राणी चुंकत तेव्हा तिथे जिल्हाधिकारी होत्या. त्यांनी अक्षरांच्या बरोबरीने सायकल ठेवली. बायकांच्या सायकली कमी पडल्या तेव्हा तिथल्या बायांनी सरळ पुरुषांच्या सायकली घेतल्या, दांडीवर पोर बसवता येतं म्हणून. आपल्या शेजारच्या परभणीच्या शीला डावरे १९८८ साली पुण्यात रिक्षा चालवू लागल्या. आणि आपल्या एसटीत बसच्या चाकामागे बाई बसायला २०२३ साल उजाडावं लागलं. रिक्षापासून बसपर्यंत पस्तीस वर्षं!

जुनी गाडी का, तर पैसा तेवढाच होता म्हणून. नऊ जणींनी सुरुवात केली. दोघींच्या घरून विरोध झाला, त्यांनी पैसे परत घेतले. त्यांना कोणी काही बोललं नाही आणि आजही बोलू नये. उरल्या सात. प्रत्येकीचे अकरा हजार, एकूण सत्त्याहत्तर हजार. कोणाचे सोयाबीन सोंगायच्या मजुरीतले, कोणाचे बकरी विकून आलेले.

मारुतीच का, याचंही कारण आहे. ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तयार होणं थांबलं. तीस वर्षांत पंचवीस लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं छोटं इंजिन, त्याच घराण्यातलं इंजिन ओम्नीतही आणि जुन्या अल्टोतही. त्यामुळे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात आणि हायवेवरच्या कुठल्याही मिस्त्रीला ती खोलता येते. दुरुस्त करायला घ्यायची गाडी अशीच असावी. दिसायला देखणी पण भाग मिळत नाहीत, अशी गाडी अंगणात कोंबड्या बसवायलाच होते.

नाव

गाडी पाहायला जाण्याआधी आम्ही तीन बैठका एकाच प्रश्नावर घेतल्या. गाडी कोणाच्या नावावर? नोंदणी नसलेल्या बचत गटाच्या नावाने गाडी होत नाही, कोणा एकीचंच नाव लावावं लागतं. सातजणींनी ठरवलं, की जिच्या नावावर आजवर काहीच नाही तिचं नाव लावायचं. नवऱ्याने टाकलेली, भावाकडे राहणारी बाई. सातबाऱ्यावर नाव नाही, घराच्या नमुना आठवर नाव नाही. बाकी सहाजणींचा हिस्सा स्टॅम्प पेपरवर लिहून घेतला.

कचेरीबाहेरच्या एका एजंटाने फॉर्म भरताना विचारलं, "साहेबाचं नाव सांगा." ती म्हणाली, "साहेब मीच हावो." तो हसला, पण लिहिलं.

मैत्रिणींनो, शेतकरी संघटनेने १९९० च्या आसपास 'लक्ष्मी मुक्ती'ची मोहीम काढली होती. शेतकऱ्याने आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा, असं शरद जोशींचं सांगणं होतं. विदर्भात त्याला प्रतिसाद मिळाला. नाव लागणं ही मोठी गोष्ट आहे. पण नुसतं नाव पुरत नाही, आणि गाडीच्या बाबतीत तर नुसतं नाव धोक्याचंही असतं. कर्ज सोपं मिळतं म्हणून कितीतरी घरांत गाडी बायकोच्या नावे असते आणि तिने ती कधी चालवलेलीही नसते. अपघात झाला की भरपाईची नोटीस तिच्या नावाने येते. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की गाडी विकून टाकली असली तरी कागदावर ज्याचं नाव आहे तोच मालक आणि त्याचीच जबाबदारी. उलट विम्यात मालक-चालकाला पंधरा लाखांचं अपघात संरक्षण असतं, पण त्यासाठी मालकाकडे स्वतःचं लायसन लागतं. म्हणजे लायसन नसलेल्या मालकिणीच्या वाट्याला नोटीस येते, संरक्षण येत नाही.

म्हणून जुनी गाडी घेताना कागद आधी पाहा, रंग मग. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसी पुस्तकाशी ताडून पाहा, स्वतः वाकून. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा कागद मागा. फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याची सही घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कचेरीला कळवायचं असतं. "नंतर करू" म्हणणाऱ्याची गाडी नंतरच घ्या.

आणखी एक. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. दिल्ली परिसरातल्या बंदीच्या बातम्या ऐकून इकडेही लोकांना वाटतं की पंधरा वर्षं झाली म्हणजे गाडी भंगार. तसं नाही. आपल्याकडे निरीक्षकाला गाडी दाखवून, शुल्क आणि पर्यावरण कर भरून पाच वर्षांसाठी नोंदणी पुन्हा करता येते. हे शुल्क २०२२ पासून बरंच वाढलं आहे, तेव्हा आधी आकडा विचारून घ्या आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा. आमच्या गाडीची पंधरा वर्षं भरत आली होती. पंचावन्न हजार सांगितलेली गाडी त्या एका मुद्द्यावर अडतीस हजारांना मिळाली.

बोनट

जवळच्या बाजारगावचा एक मिस्त्री तयार झाला. अट आमची होती. काम तो सांगेल, हात बायका लावतील, आठवड्यातून दोन दुपारी. पहिल्या दिवशी तो वैतागला. तिसऱ्या आठवड्यात तोच दुसऱ्या गिऱ्हाइकाला म्हणत होता, "थांबा, बायांचं झालं की घेतो."

काय काय शिकलो ते थोडक्यात सांगते, कारण तुम्हालाही उपयोगी पडेल. सकाळी गार इंजिन सुरू करायला सांगायचं. मालकाने आधीच तापवून ठेवलं असेल तर समजून जायचं. मग धुराकडे पाहायचं. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, रिंगा किंवा वॉल्व्हचे सील गेले. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढरा धूर थांबतच नसेल तर पाणी आत शिरतंय, बहुधा हेड गॅस्केट. ऑइलचं झाकण उघडून पाहायचं, आत दुधाच्या चहासारखा साका दिसला तर नमस्कार करून परत यायचं. आमच्या गाडीचा धूर साफ होता.

पण पायाखालचं मॅटिंग उचललं आणि पत्रा चाळणी झालेला निघाला. जुन्या मारुतीचा हा नेहमीचा आजार. वरून चकचकीत रंग, खाली गंज. नुसती पुट्टी भरून रंग मारला की वर्षभरात पुन्हा तेच. सडलेला भाग कापला, नवा पत्रा वेल्डिंग केला, गंजरोधक लावला. दाराच्या खालच्या कडा आणि बॅटरीची बैठक पॉलिश पेपरने घासायचं काम चार दुपारी चाललं. एक म्हणाली, "माय, लग्नातली भांडी घासल्यावानी हाय हे." घासणं आम्हा सगळ्यांना येतच होतं. फरक इतकाच, की या वेळी घासलेलं आपल्या मालकीचं होतं!

या गाडीचे बहुतेक नट दहा, बारा, चौदा आणि सतराच्या पान्याने निघतात. महिन्याभरात बायका नट पाहूनच पाना मागू लागल्या. आपल्या हातांना यंत्राची सवय नाही, हे खोटं आहे. शिलाई मशीनच्या दोऱ्याचा ताण जिला समजतो तिला फॅन बेल्टचा ताण समजायला वेळ लागला नाही. फवारणीच्या पंपाचा वायसर बदलणाऱ्या बाईने ब्रेकच्या सिलिंडरमधला रबर पाहिल्याबरोबर ओळखला. रेडिएटरचे आणि पेट्रोलचे रबरी पाइप सगळे बदलले. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येतं आणि जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी बनवलेले नव्हते, तेव्हा ते वरचेवर तपासावे लागतात.

खर्च असा झाला. गाडी अडतीस हजार. नाव बदलणं, पुन्हा नोंदणी, विमा, नंबर प्लेट असे कागदाचे अकरा हजार चारशे. चार टायर नऊ हजार सहाशे, बॅटरी तीन हजार सहाशे, पत्रा आणि रंग चार हजार, क्लचप्लेट, ब्रेक, पाइप, ऑइल मिळून सात हजार सातशे. एकूण चौऱ्याहत्तर हजार तीनशे. दोन हजार सातशे उरले, ते गाडीच्या खात्यात ठेवले.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेचे दत्तात्रय लोहार, त्यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांनी साठेक हजारांत भंगारातून मुलासाठी छोटी जीप बनवली, आणि २०२२ साली महिंद्र कंपनीने ती घेऊन बदल्यात त्यांना बोलेरो दिली. कौतुक झालं, व्हायलाच पाहिजे होतं. पण मला प्रश्न पडतो, अशा वर्कशॉपच्या दारात किती मुली उभ्या राहू शकतात? मुलगा गॅरेजात रेंगाळला तर तो शिकतो. मुलगी रेंगाळली तर घरी निरोप जातो. तिच्यात हुशारी कमी नाही, तिला उभं राहायला जागा नाही. आमच्या चार महिन्यांत गॅरेजच्या दारात गटातल्या बायकांच्या मुली रोज येऊन बसत होत्या. त्यांच्या घरी निरोप गेला नाही, कारण आया तिथेच होत्या.

चावी

पाच जणींनी लायसन काढलं. आधी शिकाऊ, मग तीस दिवसांनंतर आणि सहा महिन्यांच्या आत पक्कं. पहिल्यांदा मालकिणीने काढलं, कारण मघाशी सांगितलं ते विम्याचं. दोघींना अजून धीर होत नाही, त्या मागे बसतात. त्यांचाही हिस्सा तेवढाच.

आता खरा वाद झाला तो वहीवरून. गाडीची वही ठेवायची हे सगळ्यांना मान्य. रकाने पाडले: तारीख, कोण चालवणार, निघतानाचे किलोमीटर, आल्यावरचे किलोमीटर, पेट्रोल. जी वापरेल ती पेट्रोल भरेल. एकीने सहावा रकाना सुचवला, 'कारण'. हिशोब चोख राहील म्हणून. बैठक दोन तास चालली. काहींचं म्हणणं, उद्या कोणी उगाच फिरायला नेईल. शेवटी सुरुवातीला जिने ते वाक्य म्हटलं होतं तीच बोलली. "घरी कारण सांगतो, शेतावर सांगतो, बँकेत सांगतो. इथं पन सांगाचं असन तर मंग दिराची गाडी काय वाईट होती?" सहावा रकाना पाडला नाही. आजही त्या वहीत 'कारण' नाही.

वही पाहिली तर गाडी कुठे कुठे गेली ते कळत नाही, पण गेली हे कळतं. रात्रीच्याही नोंदी आहेत. आणि कधी तरी एखादी नुसती फिरून आली असेल, तर येऊ दे.

आता मर्यादा सांगते, नाहीतर तुम्ही उद्याच गाडी शोधायला निघाल! पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं घेता येत नाही. परवाना लागतो, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. त्यामुळे गाडी कमाई करत नाही, ती खर्चच आहे. दर वर्षी विमा, पीयूसी, काही ना काही दुरुस्ती. या गाडीत एअरबॅग नाही, तेव्हा पट्टा बांधायचाच आणि महामार्गावर शर्यत लावायची नाही. चार-पाच माणसांच्या गाडीत नऊ जणी कोंबायच्या नाहीत, लग्न असलं तरी. निवडणुकीच्या वेळी गाडी मागायला आले, त्यांना गटाने नाही म्हटलं. घरच्या पुरुषांनाही चावी द्यायची नाही असा ठराव आहे. तो पाळणं सर्वांत कठीण जातंय, आणि जिच्या नावावर गाडी आहे तिच्या सासरचे लोक आता अचानक विचारपूस करू लागलेत. हे सगळं मिटलेलं नाही.

आणि गाडी आली म्हणून एसटीची मागणी सोडायची नाही. सात जणींकडे गाडी आहे, तालुक्यातल्या हजारो बायांकडे नाही. मुक्कामाची बस, आतल्या गावांना फेऱ्या, मुलींच्या कॉलेजच्या वेळेला गाडी, ही मागणी आजच्या ठरावात पहिली असली पाहिजे.

शेवटी तुमच्यासाठी एक काम. प्रत्येकीच्या घरी नाही तरी घराण्यात एखादं वाहन असेलच. मोटारसायकल, ऑटो, ट्रॅक्टर, काहीही. आज घरी गेल्यावर तीन गोष्टी पाहा. आरसीवर नाव कोणाचं आहे? चावी कोणत्या खुंटीला असते आणि ती काढायला कोणाला विचारावं लागतं? आणि इंजिन शेवटचं कोणी उघडलं, तेव्हा तुम्ही कुठे होता? उत्तरं लिहून आणा. नाव तुमचं आणि चावी दुसऱ्याची असेल तर उद्याच शिकाऊ लायसनचा फॉर्म भरा. चावी मिळते पण यंत्र कळत नसेल तर पुढच्या महिन्यापासून गॅरेजात दोन दुपारचा वर्ग पुन्हा सुरू होतोय, त्यात नाव द्या. फी नाही. जुनी साडी किंवा गाऊन घालून या, ऑइलचे डाग निघत नाहीत.

कारण मात्र कोणी विचारणार नाही.